नाव एकाच ठिकाणी लिहावं

उर्दू माध्यमाच्या बीजगणितात दोन शब्द जोडीनं येतात, मुतगय्यिर आणि मुस्तकिल. मराठी पुस्तकात त्यांनाच चल आणि स्थिरांक म्हणतात. मी दोन्ही भाषा शिकवतो, त्यामुळे गणिताच्या सरांकडची मुलं शब्द अडला की माझ्याकडे येतात. मुतगय्यिर म्हणजे ज्याच्यात तगय्युर होतो, बदल होतो, ते. मुस्तकिल म्हणजे जे आपल्या जागी ठाम उभं आहे ते. आपल्या घरांत हा शब्द गणिताबाहेर जास्त ऐकू येतो. शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं काढत होतो तेव्हा प्रत्येक लग्नात, प्रत्येक दस्तरखानावर मला एकच प्रश्न असायचा, "नोकरी मुस्तकिल झाली का?" गणितातला मुस्तकिल आणि नोकरीतला मुस्तकिल यांत फरक आहे, हे तेव्हाही कळत होतं. नोकरीतला एक दिवस निवृत्त होतो.

पायथन ही संगणकाची भाषा माझी मुलगी बीसीएला शिकते. तिच्याबरोबर बसून मीही थोडी शिकलो. त्या भाषेतला मुस्तकिल या दोघांच्या मधला आहे, असं माझं मत झालंय. गेल्या दीड-दोन वर्षांत आमच्या जिल्ह्यात जे घडलं, त्यामुळे हे मत आणखी पक्कं झालं.

आधी भाषेचा स्वभाव सांगतो. सी भाषेत 'कॉन्स्ट' आणि जावात 'फायनल' असा शब्द आहे. तो लावला की त्या नावाला कुलूप लागतं, पुढं कोणी किंमत बदलायला गेलं तर प्रोग्राम तयारच होत नाही. पायथनमध्ये असं कुलूप नाही. तिथं फक्त रिवाज आहे. जी गोष्ट बदलायची नाही तिचं नाव मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहायचं, शब्दांमध्ये खाली आडवी रेघ द्यायची. २००१ साली पायथनवाल्यांनी लिहून ठेवलेल्या 'पेप ८' या लेखनपद्धतीत हा रिवाज सांगितलेला आहे. मोठी अक्षरं दिसली की समोरच्यानं समजून घ्यायचं, इथं हात लावायचा नाही. लावलाच तर भाषा अडवत नाही. गणिताच्या मॉड्यूलमध्ये 'पाय' आहे, वर्तुळाचा. त्याला ३ म्हणा, पायथन मुकाट्यानं ३ धरेल आणि त्या चालू प्रोग्राममध्ये जो जो त्या मॉड्यूलला पाय विचारेल त्याला ३ सांगेल. २०१९ च्या ३.८ आवृत्तीपासून 'फायनल' नावाची खूण आली, पण तीही तपासनिसासाठी आहे. तपासणारं साधन वेगळं चालवलं तर ते कुरकुर करतं, प्रत्यक्ष प्रोग्राम चालताना कोणी काही बोलत नाही. आमच्याकडे याला अदब म्हणतात. मोठ्यांच्या खुर्चीवर बसू नये असं कुठं लिहिलेलं नसतं, पण कोणी बसत नाही.

एक गंमत यात आहे. पायथन ३ मध्ये नावं देवनागरीतही देता येतात, म्हणजे 'उत्तीर्ण_गुण' हे नाव चालतं. उर्दूतही चालतं, फक्त ओळ उजवीकडून डावीकडे आणि डावीकडून उजवीकडे अशी दोन्हीकडून पळते आणि वाचणाऱ्याची फजिती होते. पण देवनागरीला मोठी अक्षरं नाहीत, उर्दूलाही नाहीत. मग रिवाज पाळायचा कसा? उन्हाळ्याच्या सुट्टीत आठवी-नववीच्या काही मुलांना आम्ही बापलेकींनी थोडं पायथन शिकवलं, तेव्हा मुलांनीच तोड काढली. नावाच्या आधी 'पक्का' लावायचं. पक्का_पाय, पक्का_तोळा. आणि पायथनला मराठी आकड्यांचीही थोडी समज आहे. अवतरण चिन्हात ३५ लिहून दिलं आणि 'याचा पूर्णांक कर' म्हटलं तर तो करतो. थेट लिहिलं तर मात्र नाही घेत. पोरं या गोष्टीवर अर्धा तास खूश होती.

आता मूळ विषय. आमच्या शाळेत निकालपत्रकं, हजेरी, शिष्यवृत्तीच्या याद्या, दाखल्यांचे मसुदे असं सगळं काढणारा एक प्रोग्राम आहे. तो गावातल्याच एका मुलानं कधीतरी बनवून दिला होता, नंतर तो पुण्याला नोकरीला गेला. सात फायली. प्रत्येक फायलीत वर शाळेचं नाव, तालुका श्रीगोंदा, आणि जिल्हा. ज्याला जसं सुचलं तसं. कुठं 'अहमदनगर', कुठं 'अहमद नगर' दोन शब्दांत, कुठं 'अ.नगर', आणि उर्दू प्रगतिपुस्तकासाठी उर्दूत वेगळं. बोलताना आपण सगळे फक्त 'नगर' म्हणतो, त्यामुळे हा घोळ कधी कोणाच्या नजरेत आला नाही.

३१ मे २०२३ रोजी चौंडीला अहिल्यादेवींच्या जयंतीच्या कार्यक्रमात मुख्यमंत्र्यांनी नामांतराची घोषणा केली. मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळानं मंजुरी दिली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झालं. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव आपल्या आधी झाले होते, त्यामुळे काय काय बदलावं लागतं याचा अंदाज तिकडच्या शिक्षक मित्रांकडून आला होता. शिक्के, लेटरहेड, पाट्या.

या नामांतराबद्दल मला काय वाटलं, हे वाचकांपैकी काही जण विचारतील म्हणून एवढंच सांगतो. अहिल्याबाईंबद्दल मी वर्गात नेहमी आदरानं शिकवत आलो. घाट, विहिरी, धर्मशाळा बांधणारी बाई, आणि ती आमच्या जिल्ह्यातल्या चौंडीची. आणि ज्या अहमद निजामशहानं पंधराव्या शतकाच्या अखेरीस हे शहर वसवलं, त्याचं नाव माझ्या प्रत्येक प्रमाणपत्रावर आहे, तेही माझं आहे. दोन्ही वाक्यं मी एका दमात म्हणू शकतो. आणि श्रीगोंद्याच्या माणसाला नाव बदलण्याचं फार नवल वाटायला नको. आमच्या गावाला जुन्या कागदांत चांभारगोंदे म्हटलेलं आहे. ज्या शेख महंमदांना मालोजीराजे भोसल्यांनी इथं मठ करून दिला, 'योगसंग्राम' लिहिणारे ते संत, ते या जुन्या नावाच्या गावात राहिले. पेडगावचा भीमाकाठचा किल्ला बहादूरगड होता, आता धर्मवीरगड आहे. तालुक्यातला शेतकरी अजूनही म्हणतो, पेडगावला चाललो.

तर सात फायली. मुलीनं शोध घेतला, एकोणीस ठिकाणी जिल्ह्याचं नाव सापडलं. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "अब्बा, एकच नाम इत्ती बार कायकू लिखे इनों?" आणि तिनं जे केलं ते असं. एक आठवी फाईल बनवली, नाव 'स्थिरांक'. त्यात शाळेचं नाव, तालुका, जिल्हा, उत्तीर्ण होण्याचे गुण, विषयांची यादी, हे सगळं एकदाच लिहिलं. बाकीच्या सात फायलींतून ही नावं काढून टाकली आणि प्रत्येकीत वर एक ओळ घातली, 'इम्पोर्ट स्थिरांक'. आता प्रगतिपुस्तकाच्या फायलीला जिल्हा हवा असेल तर ती 'स्थिरांक.जिल्हा' असं मागते.

यातली एक बारीक गोष्ट मला समजायला दोन दिवस लागले, म्हणून सविस्तर लिहितो. मॉड्यूल, म्हणजे ही फाईल, एका चालू प्रोग्राममध्ये एकदाच वाचली जाते. दुसऱ्या फायलीनं 'इम्पोर्ट' म्हटलं की पायथन तिला नवीन प्रत काढून देत नाही, आधी वाचून ठेवलेलीच दाखवतो. म्हणजे सातही फायली एकाच नोटीस बोर्डासमोर उभ्या असतात. पण मागायच्या पद्धती दोन आहेत. 'स्थिरांक.जिल्हा' म्हणणारा दर वेळी बोर्डापाशी जाऊन वाचतो. 'फ्रॉम स्थिरांक इम्पोर्ट जिल्हा' म्हणणारा एकदाच जातो, चिठ्ठीवर उतरवून घेतो आणि नंतर चिठ्ठीच बघतो. प्रोग्राम चालू असताना बोर्डावरचं नाव कोणी बदललं तर पहिल्याला कळेल, दुसऱ्याच्या चिठ्ठीवर जुनंच राहील. जे खरोखर बदलणार नाही त्यासाठी चिठ्ठी चालते, लिहायलाही सुटसुटीत पडते. मला स्वतःला बोर्डाची पद्धत आवडते. वाचणाऱ्याला 'जिल्हा' कुठून आला हे ओळीतच दिसतं.

तिसरी पद्धत म्हणजे 'फ्रॉम स्थिरांक इम्पोर्ट' म्हणून पुढं चांदणी लावायची. बोर्डावरचं सगळंच्या सगळं घरी. हिचा धोका मला तोळ्यावरून कळला.

रमजानमध्ये मोहल्ल्यातले लोक जकातीचा हिशोब विचारायला येतात, म्हणून आम्ही एक छोटा प्रोग्राम केला. निसाब, म्हणजे ज्या मर्यादेवर जकात लागू होते ती, आपल्याकडे सोन्यासाठी साडेसात तोळे आणि चांदीसाठी साडेबावन्न तोळे सांगितली जाते. जकात चाळिसावा हिस्सा. हे आकडे मुस्तकिल. सोन्याचा भाव मुतगय्यिर, तो रोज वेगळा. इतपर्यंत सोपं. पण तोळा किती ग्रॅमचा? जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा, त्या हिशोबानं साडेसात तोळे म्हणजे ८७.४८ ग्रॅम आणि साडेबावन्न तोळे म्हणजे ६१२.३६ ग्रॅम. आणि आज आपल्या सराफाकडं जा, तो दहा ग्रॅमला तोळा म्हणतो. दागिन्यांची बेरीज करणाऱ्या फायलीत तोळा दहाचा होता, कारण बायका सराफाच्या पावत्या घेऊन येतात. निसाबाच्या फायलीत तोळा ११.६६४ चा. आता तिसऱ्या एका फायलीनं दोन्हीकडून चांदणी लावून सगळं आणलं, तर जे नंतर आणलं त्याचा तोळा आधीच्याला झाकून टाकतो. पायथन हूं की चूं करत नाही. साडेसात तोळे ७५ ग्रॅम होऊन बसतात आणि ऐंशी ग्रॅम सोनं असलेल्या विधवा बाईला तुम्ही सोन्याचा निसाब पूर्ण झाला म्हणून सांगता. सोन्याचा निसाब धरावा की चांदीचा, हा आलिमांचा विषय, त्यात मी पडत नाही. पण तोळा कोणता, हे तर आपणच ठरवायला हवं. त्या दोन गोष्टींना एक नाव असणं हाच खरा रोग. आता 'जुना_तोळा' आणि 'सराफी_तोळा' अशी दोन नावं आहेत, दोन्ही एकाच फायलीत, एकाखाली एक.

याच्या उलटाही प्रकार असतो, दोन वेगळ्या गोष्टींचा एकच आकडा. आमच्या प्रोग्राममध्ये ३५ हा आकडा ठिकठिकाणी होता. काही ठिकाणी तो पास होण्याच्या गुणांचा ३५. काही ठिकाणी शिक्षण हक्क कायद्यातला, सहावी ते आठवीला एका शिक्षकामागं जास्तीत जास्त ३५ मुलं, तो ३५. आकडा नुसता लिहिला की कोणता कोणाचा हे सांगता येत नाही. उद्या एक बदलला आणि कोणी सरसकट शोधून बदल केला तर दुसराही जाईल. पायचंही तसंच. आमची मुलं कधी २२/७ घेतात, कधी ३.१४. त्रिज्या ७ असेल तर एका पद्धतीनं क्षेत्रफळ १५४ येतं, दुसऱ्यानं १५३.८६. सरावपत्रिका एका फायलीतून आणि उत्तरपत्रिका दुसऱ्या फायलीतून निघत असेल आणि दोघांचे पाय वेगळे असतील तर बरोबर गणित केलेल्या पोराला चूक मिळते. समरकंदच्या अल-काशीनं १४२४ मध्ये पायचे सोळा दशांश काढले होते, त्याच्या नऊशे वर्षं आधी आर्यभटानं ३.१४१६ दिला होता. आपल्याला दोन फायलींत एक पाय ठेवता येऊ नये?

आता शोधून-बदल करण्याचीच गोष्ट. फायली सरळ करण्याआधी कोणीतरी सुचवलं होतं की एवढी मेहनत कशाला, सगळीकडं एकदम अहमदनगर काढून अहिल्यानगर टाका. एका बटणाचं काम. तसं केलं असतं तर इतिहासाच्या प्रश्नसंचात चाँदबीबीनं १५९५-९६ मध्ये अहिल्यानगरचा किल्ला लढवला असता. उर्दूच्या नोट्समध्ये मौलाना आझादांची 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रं आहेत. १९४२ नंतर ते आणि नेहरू याच किल्ल्यात कैदेत होते, आणि मौलानांनी पत्रांवर ठिकाण 'किलाए अहमदनगर' असं घातलेलं आहे. ते आपण कोण बदलणार? पण ही हसण्यावारी नेण्याची उदाहरणं झाली. खरी काळजी जनरल रजिस्टरची होती.

जनरल रजिस्टरमध्ये मुलाचं जन्मठिकाण लिहिलेलं असतं आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ते जसंच्या तसं उतरतं. २०१० साली जन्मलेल्या मुलाच्या जन्मदाखल्यावर अहमदनगर आहे. शाळेच्या दाखल्यावर बटणानं अहिल्यानगर झालं तर त्या दोन कागदांचा मेळ तुटतो. आपल्या मोहल्ल्यात कागदाचा मेळ तुटणं म्हणजे काय, हे वाचकांना वेगळं सांगायला नको. आतार, तांबोळी, पिंजारी घरातल्या मुलाला जात वैधता काढायची असते तेव्हा वडिलांचा, आजोबांचा दाखला अक्षर न् अक्षर पडताळला जातो. नावात एक वेलांटी वेगळी असली तर पोराचे सहा महिने जातात, कधी प्रवेशच जातो. गेल्या काही वर्षांत तर लोक लोखंडी पेटीतले कागद काढून पुन्हा पुन्हा बघतात, सगळ्यांवर एकच स्पेलिंग आहे ना. अशा माणसाच्या मुलाच्या दाखल्यावर आपला प्रोग्राम परस्पर गाव बदलून देणार?

मुलगी म्हणाली, जन्मठिकाण हा स्थिरांक नाहीच, ती त्या मुलाची माहिती आहे. ती रजिस्टरमधून येईल, तिथं जे आहे तेच येईल. स्थिरांकाच्या फायलीत फक्त शाळेचा आजचा पत्ता राहील. ही वाटणी मला फार पटली. दाखल्यावर वर छापलेला जिल्हा आणि रकान्यातला जिल्हा, दिसायला एक असले तरी ते दोन आहेत. ऑक्टोबर २०२४ पर्यंत ते योगायोगानं सारखे दिसत होते, एवढंच.

मग आणखी एक अडचण आली. जुन्या वर्षाची निकालपत्रकाची दुय्यम प्रत मागायला माणूस येतो. २०१९ च्या निकालावर वर आजचा पत्ता छापायचा का? मुख्याध्यापक म्हणाले, त्या वर्षी जे होतं ते छापा आणि आजच्या तारखेचा शिक्का मारा. म्हणजे जिल्ह्याचं नाव आता एक किंमत राहिली नाही, तारखेनुसार झालं. फायलीत एक छोटी यादी आली, कोणत्या तारखेपासून कोणतं नाव. प्रोग्राम तारीख देतो, यादी नाव देते.

यादीवरून पायथनचा आणखी एक स्वभाव सांगतो, कारण आम्हाला तो विषयांच्या यादीत भेटला होता. नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं तरी त्या नावाच्या पेटीतलं सामान कोणीही हलवू शकतो. जुन्या हजेरीच्या फायलीनं आपल्या सोयीसाठी विषयांच्या यादीत शेवटी 'कवायत' जोडलं होतं. यादी सगळ्यांची एकच, कारण बोर्ड एकच. त्यामुळे हजेरी आधी काढली की त्या दिवशी प्रगतिपुस्तकात कवायतीचा गुणांचा रिकामा रकाना यायचा, आणि हजेरी नंतर काढली की यायचा नाही. इलाज साधा आहे. चौकोनी कंसातल्या यादीऐवजी गोल कंसातली यादी ठेवायची, तिला टपल म्हणतात, तिच्यात नंतर काही घालता येत नाही. नावाला कुलूप नाही पण या पेटीला आहे.

आणि स्थिरांकाची फाईल इतर सात फायलींपैकी कोणालाही काही विचारत नाही, हे मुलीनं सक्तीनं पाळलं. ती प्रगतिपुस्तकाकडून काही मागेल आणि प्रगतिपुस्तक तिच्याकडून, तर दोघं एकमेकांच्या दारात अडकतात आणि प्रोग्राम सुरूच होत नाही. बोर्डानं वर्गात जाऊन विचारायचं नसतं. वर्गांनी बोर्डाकडं यायचं असतं.

शेवटचं काम माझ्या वाट्याला आलं, उर्दूचं. अहमदनगर उर्दूत लिहायला कधी अडचण नव्हती, फार तर जोडून की तोडून एवढाच वाद. अहिल्यानगर लिहायला बसलो तर मुलांच्या वह्यांत दोन रूपं दिसली. काहींनी 'अहिल्या'च्या शेवटी अलिफ दिला होता, काहींनी हे. हे दिला की तो उर्दूत 'अहलिया' वाचला जातो, आणि अहलिया म्हणजे बायको. एका वहीत तर मुलानं निबंधात लिहिलं होतं की तो अहलियानगर जिल्ह्यात राहतो, आणि बाजूच्या पोरानं पेन्सिलीनं खाली विचारलं होतं, किसकी? मी अलिफ धरला, मधल्या 'हे'ला जेर दिली, आणि मुलीला म्हटलं, हे स्थिरांकाच्या फायलीत मराठी नावाच्या शेजारी लिहून ठेव. तिनं विचारलं, जेर ठेवायचीच का, छापताना काही प्रिंटरवर ती निसटते. आम्ही एक प्रत छापून बघितली. निसटली नाही. ठेवली.